कूर्मदृष्टी

आज वैशाख पौर्णिमा. भगवान विष्णूंच्या दुसऱ्या अवताराची, कूर्मावताराची, ही जयंतीतिथी होय. रामनवमी किंवा गोकुळाष्टमी यांच्या मानाने या जयंतीचा थाट तो किती! पाळणा नाही, सुंठवडा नाही. पंचांगातील एक ओळ आणि कोठे कोठे विष्णुमंदिरात पूजा, एवढ्यावर ती उरकते. तथापि कूर्म आपल्याला वर्षातून एकदाच भेटतो असे मात्र नव्हे. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या देवळांत, सभामंडपाच्या फरसबंदीत, देवाच्या समोर दगडी कासव कोरलेले असते. दर्शनास येणारा प्रथम त्याला हात लावतो, तो हात कपाळी नेतो आणि मगच पुढे सरकतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या स्पर्शाने त्याची पाठ आरशासारखी गुळगुळीत झालेली असते.

या दगडी कासवाचा जिवंत भाऊबंद देवळापासून दूर राहत नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून गेले की जो डोह लागतो, त्यात तो असतो. किंवा कालपरवापर्यंत तरी होता. आजच्या तिथीस त्याच्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. आम्ही कृष्णाकाठचे कीर्तनकार. प्राणिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्यांनी नद्यांच्या काठी वर्षानुवर्षे बसून कासवे मोजली, त्यांचे म्हणणे वाचल्यावर आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. ती अशी की, कासवाला मारणाऱ्यांविषयी आपण बोलतो. पण न मारता, नुसत्या येण्याजाण्याने, हाताळण्याने, पुष्कळदा तर भक्तीने आपण त्याचे जे करतो, त्याविषयी कोणी बोलत नाही.

प्रथम आपल्या वाङ्मयात या प्राण्याचे स्थान काय ते पाहू. अमरकोशात त्याला कूर्म, कमठ, कच्छप अशी नावे असून मादीला कमठी आणि डुलि म्हटले आहे. या ‘डुलि’ शब्दाची गंमत अशी की, सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर स्तंभांवर जी आज्ञा कोरविली, तिच्यात अवध्य ठरविलेल्या प्राण्यांच्या यादीत ‘दुडि’ हे नाव येते आणि अभ्यासक त्याचा अर्थ कासवी असाच करतात. याच यादीत कासवांसाठी आणखी एक शब्द आहे. म्हणजे दोन सहस्र वर्षांहून अधिक काळापूर्वी या भूमीवर कासवाला राजाज्ञेचे अभय मिळालेले होते. शतपथ ब्राह्मण तर याहून पुढे जाते. प्रजापतीने कूर्मरूप घेऊन प्रजा निर्मिली. कूर्म म्हणजेच कश्यप, म्हणून सर्व प्रजा काश्यपी, असे तेथे सांगितले आहे. ज्याला आपले गोत्र ठाऊक नसते त्याने संकल्पात काश्यप गोत्र उच्चारावे, ही रूढी आपल्याकडे आजही आहे. तेव्हा नात्याचा प्रश्न काढावयाचाच झाला, तर हा प्राणी परका ठरत नाही. (त्याच ब्राह्मणात अग्निचयनाच्या वेदीत जिवंत कूर्म ठेवण्याचाही विधी आहे, हे येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पूज्यता आणि हाताळणी यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे.)

समुद्रमंथनाचे आख्यान लावले की श्रोते चौदा रत्नांची वाट पाहतात. ऐरावत, कौस्तुभ, लक्ष्मी, अमृत! ज्याच्या पाठीवर हा सारा खटाटोप चालला, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. भागवताच्या अष्टम स्कंधात मात्र व्यासांनी त्याची आठवण ठेवली आहे. मंदर पर्वत पाठीवर गरगरा फिरत असता त्या आदिकच्छपाला, कोणी अंग खाजवून द्यावे तसे वाटले, असे वर्णन तेथे आहे. ते ऐकून श्रोत्यांना हसू येते, आणि यावे. पण याच वर्णनामुळे आपल्या मनात एक समजूत घर करून बसली आहे. ती म्हणजे, कासवाला काही लागत नाही. त्याच्या पाठीवर काहीही लादा, ते सोसते. संस्कृत कवींनीही कठोरपणाला उपमा दिली ती कासवाच्या पाठीचीच.

आता आमच्या कृष्णेतील कासव पाहा. कृष्णा, भीमा, गोदावरी या द्वीपकल्पाच्या नद्यांत मऊ पाठीचे एक मोठे कासव आढळते. १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला लीथ यांच्या नावावरून शास्त्रीय नाव दिले. त्याच्या पाठीवर खवल्यांची ढाल नसते. हाडांवर नुसती कातडी. पूर्ण वाढलेल्याची पाठ दोन फुटांपर्यंत भरते, आणि पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल चिन्हे असतात. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात ते कोठेच नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने २०२१ साली त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले. २०२२ साली पनामा येथे झालेल्या परिषदेत, भारताच्याच प्रस्तावावरून, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालण्यात आले. मंदर पर्वत तोलणाऱ्याच्या कुळातील हा जीव ट्रॅक्टरचे एक चाक तोलू शकत नाही.

दुसरे एक लहान कासव तळ्यांत, भातखाचरांत, ओढ्यांत असते. त्याच्या पोटाकडील बाजूस मागील पाय झाकून घेणाऱ्या झडपा असतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला जी अंगे आवरून घेणाऱ्या कूर्माची उपमा आली आहे, ती या प्राण्याला हुबेहूब लागू पडते. संकट आले की हातपाय, मान सारे आत आणि झडप बंद. परंतु एक ध्यानात घ्यावे. स्थितप्रज्ञ इंद्रिये आवरतो ते स्वेच्छेने. कासव आवरते ते भयाने. तुमच्या हातात ते गप्प बसलेले दिसते, तेव्हा ते शांत झालेले नसते.

त्या भयाची किंमत काय, हे समजण्यास कासवाचा दिनक्रम पाहिला पाहिजे. कासवाच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ती त्याला सूर्याकडून घ्यावी लागते. खडकावर, ओंडक्यावर, वाळूच्या पट्ट्यावर तासन्‌तास पडून राहिलेले कासव आळशी नसते. त्या उबेने त्याचे अन्न पचते, मादीच्या पोटातील अंडी वाढतात, अंगावरचे शेवाळ वाळून गळते, जळवा सुटतात. एवढ्यात कोणी होडी घेऊन येतो, कोणी खडा मारतो, कुत्रे भुंकते, की झुपकन ते पाण्यात जाते. पुन्हा वर यावयास त्याला धीर लागतो. असे दिवसातून पाच-दहा वेळा घडले, तर कोणी त्याला बोटही न लावता त्याचा दिवस बुडतो. असे दिवस साठत गेले की अंडी धरत नाहीत.

अंडी घालण्याचा प्रसंग याहून नाजूक. पाण्यात सुरक्षित असणारा हा जीव त्यासाठी उघड्या वाळूवर येतो, मागील पायांनी खड्डा खणतो, अंडी घालतो, माती लोटून जागा सारखी करतो आणि परततो. या अवधीत माणसाची चाहूल लागली तर मादी अर्ध्यातून पाण्याकडे फिरते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात पास्कागूला नावाच्या नदीवर पाठीवर पिवळे ठिपके असलेल्या एका जातीच्या कासवांचा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तेथे होड्यांची वर्दळ आणि वाळवंटावर मौजेसाठी उतरणारी मंडळी यांमुळे माद्यांचे अंडी घालण्याचे प्रयत्न वारंवार फसत असल्याचे आढळले. लोक कासवे पकडण्यासाठी आलेले नव्हते. सुटीचा दिवस घालवावयास आले होते.

त्याच देशातील दुसरे उदाहरण तर मन सुन्न करणारे आहे. कनेक्टिकट राज्यात एका संरक्षित रानात, ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या कासवांच्या दोन वसाहतींवर गार्बर व बर्गर या अभ्यासकांनी १९७४ पासून वीस वर्षे लक्ष ठेवले. ते रान प्रथम लोकांना बंद होते. तोवर कासवांची संख्या टिकून होती. १९८३ साली फिरावयास आणि मासे धरावयास येणाऱ्यांसाठी ते खुले केले. रान तेवढेच राहिले, पाणी स्वच्छच राहिले, हवा बिघडली नाही. एका झाडाचा प्रश्न नव्हता. आणि दहा वर्षांत दोन्ही वसाहतींत एकही कासव उरले नाही. कोणी मौज म्हणून एखादे घरी नेले असेल, कोणी उचलून दुसरीकडे ठेवले असेल, काही रस्त्यावर चाकाखाली गेली असतील, काहींना कुत्र्यांनी त्रास दिला असेल, अशी कारणे अभ्यासकांनी संभवनीय म्हणून सांगितली. यांपैकी कोणतेही एक कारण ऐकून आपण म्हटले असते, एवढ्याने काय होते! कासव सावकाश वाढते, उशिरा वयात येते, आणि त्याच्या शेकडो पिलांतून एखादेच मोठे होते. म्हणून मोठी मादी वर्षाकाठी एक-दोन जरी कमी झाली तरी ती तूट भरून निघत नाही. गोगलगाईच्या पावलाने ते संपत जाते, आणि आपल्याला नदी मात्र पूर्वीसारखीच दिसते.

आता परक्या देशातून आपल्या घाटावर येऊ. आपल्याकडे नदीवर मौजेसाठी जाणारे थोडे. आपण जातो ते स्नानास, दर्शनास, निर्माल्य सोडावयास. म्हणून आपल्या वर्दळीला आपण वर्दळ म्हणत नाही. घाटावर टाकलेल्या प्रसादावर आणि उष्ट्यावर कुत्री पोसली जातात. तीच रात्री पलीकडच्या वाळूत अंडी उकरतात. एका क्षेत्री घाट वाढविण्याच्या व काठ सुशोभित करण्याच्या कामात वाळूचा पट्टा बुजवून तेथे काँक्रीट ओतलेले आम्ही पाहिले आहे. भाविकांची सोय झाली यात शंका नाही. परंतु दोन्ही काठ पायऱ्यांनी बांधून काढले, तर पाण्यातून वर येणाऱ्या मादीने कोठे जावे? आणि जेथे वाळू उरली आहे तेथे उपसा आहे. वाळू म्हणजे गवंड्याला माल आणि ठेकेदाराला पैसा. कासवीला तीच वाळू बाळंतिणीची खोली होय. पैकी ठेकेदाराविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते, ते योग्यच आहे. आम्हांला येथे आपल्या स्वतःच्या पंगतीविषयी लिहावयाचे आहे.

विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, या समजुतीने आपल्या खेडोपाडी ओढ्यातले कासव धरून बांधीव विहिरीत टाकतात. त्याला तेथे खावयास थोडेफार मिळते, ते वर्षानुवर्षे जगते, आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखविले जाते. उभ्या चिरेबंदी भिंती चढून ते बाहेर येऊ शकत नाही, म्हणजे त्याचा वंश त्याच्यापाशीच खुंटला. कोणी लक्ष्मी स्थिर व्हावी म्हणून घरात पाण्याच्या भांड्यात जिवंत कासव ठेवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील रानटी कासव असे बाळगणे हा गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते. कोणी त्याऐवजी डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव बाजारातून आणतात, ते वाढले की कंटाळतात, आणि पुण्य लागावे म्हणून देवळाच्या तळ्यात सोडतात. ते परदेशी कासव धटिंगण असते. ऊन खाण्याच्या जागा ते बळकावते आणि मूळचे कासव मागे सरते. पुण्याचा हा हिशेब चित्रगुप्ताने कोणत्या खात्यावर मांडावा?

वीस नखांचे कासव मिळाले तर पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून भोळ्या लोकांना नागविणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून वेगळा कायदा आहे. आम्ही फक्त व्युत्पत्तीची एक गोष्ट नमूद करितो. मऊ पाठीच्या कासवांना शास्त्रज्ञांनी जे जुने ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थच ‘त्रिनख’ असा आहे. एका पायाला तीन, म्हणजे चार पायांची मिळून बारा नखे. विसाच्या शोधात किती बारा नखांची कासवे पोत्यांत गुदमरली असतील ते देवच जाणे.

पूजेनेही कासव राखले जाते, हे नाकारण्याचा आमचा हेतू नाही. त्याची साक्ष आसामात आहे. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील काळे मऊ पाठीचे कासव २००२ साली रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. त्या वेळी ते जगले होते ते देवस्थानांच्या तळ्यांत. हाजो येथील हयग्रीव माधवाच्या मंदिरात, आणि बांगलादेशातील चितगावच्या बायजीद बोस्तामी यांच्या दर्ग्यात. पुढे रानातही थोडी आढळली. हिंदू असो वा मुसलमान, भाविकांनी ते अवध्य मानले म्हणून ते उरले. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु चितगावच्या त्या तळ्यात २००४ साली कोणी विष कालविले, आणि साऱ्या जातीचा जीव एका तळ्यात ठेवण्यात काय धोका आहे ते जगाला कळले. हाजोच्या मंदिरातील अंडी उबवून पिले संरक्षित पाणथळात सोडण्याचे काम पुढे अभ्यासकांनी आणि वनखात्याने हाती घेतले, व मंदिराने त्यास साथ दिली. आमच्या मते भक्तीची योग्य दिशा हीच. तळ्याच्या काठी उभे राहून कासवाला चुरमुरे आणि बिस्किटे घालण्यात आपल्याला आनंद असतो. त्याच्या वंशाची सोय मात्र तळ्याबाहेरच्या वाळूत असते.

काशीचे उदाहरण याच्या उलट आहे. गंगेत वाहून येणारी प्रेते खाऊन नदी स्वच्छ करावी म्हणून तेथे हजारो कासवे वाढवून सोडली गेली. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून सात किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपली घाण कासवाने खावी ही अपेक्षा झाली. पण जगातील सर्वांत गजबजलेल्या घाटांसमोर त्याला निवांतपणा कोठून मिळणार, हा विचार मागेच राहिला. २०२० साली ते अभयारण्य तेथून उठविण्यात आले आणि प्रयागराज, मिर्झापूर, भदोही यांच्या दरम्यान नवे करण्यात आले.

आता कीर्तनातील कूर्मदृष्टीकडे वळू. आमच्या संतांना हा दृष्टान्त फार प्रिय. कासवी एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर. ती त्यांना पाजत नाही, भरवीत नाही, नुसत्या प्रेमाच्या दृष्टीने पोसते. तशी देवाची भक्तावर दृष्टी असते. तंत्रग्रंथांत दीक्षेचे प्रकार सांगताना हाच दाखला थोडा निराळा येतो. पक्षीण स्पर्शाने पिले वाढविते, मासोळी दृष्टीने, आणि कासवी केवळ चिंतनाने. आता प्राणिशास्त्र असे सांगते की, आपल्याकडील कासवी अंडी पुरून जाते ती पुन्हा तिकडे फिरकत नाही. मग संतांचे म्हणणे चूक का, असे एका तरुण श्रोत्याने आम्हांस विचारले होते. दृष्टान्त म्हणजे प्राणिशास्त्राचा धडा नव्हे, हे एक उत्तर झाले. पण दुसरेही आहे. संत काय, तंत्रकार काय, दोघांच्याही सांगण्यात एक गोष्ट समान आहे. कासवीच्या वात्सल्यात स्पर्श नाही. आणि हे मात्र शब्दशः खरे आहे. कासवाचे अंडे घातल्यावर थोड्याच काळात आतील गर्भ कवचाला चिकटतो. त्यानंतर कोणी ते कौतुकाने उचलून उलटेपालटे केले, तर गर्भ मरतो. त्या अंड्याला मायेचा हातदेखील सोसत नाही. ज्या मातेला हे ठाऊक आहे ती दूर जाते. आपण जवळ जातो.

कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव तेच. तेथे समुद्रकासवांची घरटी गावकरी जपतात, आणि पिले समुद्राकडे निघतात तेव्हा पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतात. ती दोरी आम्हांस फार आवडली. आमच्या नद्यांच्या काठी अशी दोरी अद्याप नाही. देशावरच्या प्रत्येक तीर्थक्षेत्राने आपल्या घाटासमोरचा, किंवा गावाच्या वरच्या अंगाचा, वाळूचा एक तुकडा निवडावा. तेथे उपसा नको, नाव लावणे नको, निर्माल्य नको, रात्रीचे दिवे नकोत. केवढा असावा? जेवढा सुटेल तेवढा. तळ्यांचा गाळ उन्हाळ्यात काढतात, आणि लहान कासवे उन्हाळ्यात त्याच गाळात पुरून घेऊन पडलेली असतात. तेव्हा यंत्र चालविणाऱ्याला ते आधी सांगून ठेवावे, एक कोपरा तसाच राखावा. नदीवर पोट असणाऱ्या कोळी बांधवांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांच्या आधी आम्ही घाटावरच्यांनी आपले आवरावे. एवढे मात्र त्यांनाही सांगणे आहे की, कासवाला फुप्फुसे असतात, रात्रभर पाण्याखाली राहिलेल्या जाळ्यात ते बुडून मरते. जाळे लवकर पाहिले तर ते जिवंत सुटते.

आजचीच पौर्णिमा बुद्धपौर्णिमाही आहे. या रात्री महाराष्ट्रातील कित्येक अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर माणसे बसतात. अंगाला अत्तर लावावयाचे नाही, पांढरे वस्त्र घालावयाचे नाही, बोलावयाचे नाही, आणि पहाटेपर्यंत पाण्यावर कोण कोण येऊन गेले त्याची नोंद ठेवावयाची. मेळघाटात असे बसून आलेल्या आमच्या एका शिष्याने सांगितले की, कीर्तनाहून ते अवघड आहे, कारण टाळ वाजवावयास मिळत नाही.

आमच्या क्षेत्री आज सायंकाळी कूर्मजन्माचे कीर्तन आहे. ते नऊच्या आत संपेल. त्यानंतर घाटावरचे ध्वनिक्षेपक आणि पलीकडच्या काठावर पडणारे झोतदिवे आज रात्रीपुरते बंद ठेवण्याचे देवस्थानच्या मंडळींनी मान्य केले आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या मंडळींनी दर्शन अलीकडूनच घ्यावे, होडी करून पलीकडच्या वाळूवर उतरू नये.